नवं खातं उघडलं की प्रोफाइल आपोआप तयार व्हावं: सिग्नल कुठे पुरतो, कुठे नाही

आधी प्रश्न थोडक्यात. मालवणच्या एका तरुण डेव्हलपरनं तारकर्ली, देवबाग, आचरा, भोगवे या पट्ट्यातल्या होमस्टेवाल्यांसाठी जँगोमध्ये (पायथन भाषेतल्या वेबसाइट बनवायच्या चौकटीत) वेबसाइट केली आहे. माणसानं नोंदणी केली की युजर तयार होतो आणि त्याच्या जोडीला प्रोफाइलही आपोआप व्हावं म्हणून पोस्ट_सेव्ह सिग्नल, म्हणजे ओळ साठवली गेली की आपोआप वाजणारी सूचना, लावलाय. त्याच सिग्नलमध्ये नावावरून पानाचा पत्ता, म्हणजे स्लग, बनतो. लॅपटॉपवर सगळं सुरळीत चालतं. सर्व्हरवर मात्र काही घरमालकांना लॉगिन करताच ‘युजरला प्रोफाइल नाही’ असा एरर येतो, मराठीत नाव लिहिणाऱ्यांपैकी काहींचीच नोंदणी मध्येच अडते आणि काहींची दोन-दोन खाती झाली आहेत. सुरुवातीची यादी एक्सेलमधून आत घेतली होती, असंही त्यांनी जाता जाता लिहिलंय. विचारणा अशी, की सिग्नल काढून टाकू का, आणि काढला तर त्याच्या जागी काय ठेवू?

सिग्नल काढायची घाई नको. तुम्ही जे जाता जाता लिहिलंत, त्या एक्सेलपासून सुरुवात करू.

यादी मोठी असली की आपण बल्क_क्रिएट, म्हणजे अनेक ओळी एकदम घालायची सोय, वापरतो, आणि ते बरोबरच आहे. पण बल्क_क्रिएट थेट डेटाबेसमध्ये ओळी घालतं. प्रत्येक युजरचं सेव्ह त्यात चालत नाही, त्यामुळे प्री_सेव्ह आणि पोस्ट_सेव्ह हे दोन्ही सिग्नल वाजतच नाहीत. हा बग नाही, जँगोच्या डॉक्युमेंटेशनमध्ये तसं स्पष्ट लिहिलंय. क्वेरीसेटच्या अपडेटचं, म्हणजे निवडलेल्या ओळी एकदम बदलण्याचं, तेच, हातानं चालवलेल्या एसक्यूएलचंही तेच. लॅपटॉपवर तुम्ही फॉर्म भरून एकेक युजर केलात, म्हणून प्रत्येक वेळी सिग्नल वाजला. सर्व्हरवरचे एक्सेलवाले घरमालक त्या वाटेनं आलेच नाहीत.

मग हा एरर लॉगिनच्याच वेळी का येतो? इंटरनेटवरच्या बहुतेक धड्यांत दोन रिसीव्हर, म्हणजे सिग्नल वाजला की चालणारी फंक्शनं, दिलेले असतात. पहिला युजर नवा असेल तर प्रोफाइल तयार करतो. दुसरा युजर जेव्हा जेव्हा सेव्ह होईल तेव्हा त्याचं प्रोफाइलही सेव्ह करतो. तुम्हीही दोन्ही उचलले असणार. आता लॉगिन झालं की जँगो ‘शेवटचं लॉगिन’ हे फील्ड अद्ययावत करतं आणि त्यासाठी युजर सेव्ह करतं. सेव्ह झालं म्हणजे सिग्नल वाजला. दुसरा रिसीव्हर जागा होऊन युजरचं प्रोफाइल मागतो, ते नसतंच, आणि सगळं कोसळतं. पासवर्ड बरोबर असूनही माणूस बाहेर. बऱ्याच प्रोजेक्टमध्ये याचा पहिला फटका सुपरयुजरलाच, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्यालाच, बसतो, कारण तो प्रोफाइलचं टेबल येण्याआधी तयार झालेला असतो.

हा दुसरा रिसीव्हर आजच काढून टाका, त्यातून काही मिळत नाही. प्रोफाइलमध्ये बदल केला की प्रोफाइल सेव्ह करावं, युजर सेव्ह झाला म्हणून प्रोफाइलला हात लावायचं कारण काय? उलट प्रत्येक लॉगिनला डेटाबेसमध्ये एक फुकटचं लिखाण होतं, आणि मेमरीत राहिलेली जुनी किंमत नव्या किमतीवर लिहिली जाण्याचा धोका वेगळाच.

(जुनी उत्तरं वाचताना गेट_प्रोफाइल किंवा ऑथ_प्रोफाइल_मॉड्यूल ही नावं दिसली तर ते पान बंद करा. २०१३ साली जँगो १.५ आलं, त्यात स्वतःचं युजर मॉडेल लिहायची सोय झाली आणि ही जुनी पद्धत बाद ठरवली गेली. २०१४ च्या १.७ मध्ये ती काढूनच टाकली.)

आता मूळ मुद्दा. आपल्याला हवी असते एक हमी: प्रत्येक युजरला एक आणि एकच प्रोफाइल असेल. या हमीचे दोन भाग आहेत आणि ते दोन वेगळ्या ठिकाणी राहतात. ‘एकाहून जास्त नाही’ हा भाग डेटाबेस सांभाळतो, कारण वन-टू-वन फील्डमुळे त्या कॉलमवर युनिकची अट बसते (तीच किंमत दुसऱ्यांदा चालत नाही). ‘एक तरी आहेच’ हा भाग कोणीच सांभाळत नाही, तो आपल्याला रचावा लागतो. सिग्नल लावला की हा दुसरा भागही झाला असं आपण धरून चालतो, आणि तुमच्याकडे नेमकं तिथेच बिनसलंय. सिग्नल ही सोय आहे, हमी नव्हे.

माझी पद्धत अशी. एक साधं फंक्शन लिहायचं, नाव द्या नोंदणी_करा. त्यात ट्रान्झॅक्शन डॉट अ‍ॅटॉमिकच्या आत युजर तयार करायचा आणि लगेच खालच्या ओळीत त्याचं प्रोफाइल. दोन्ही होतील, नाहीतर दोन्ही नाहीत. साइटवरचा फॉर्म हेच फंक्शन वापरेल, मोबाइल अ‍ॅपचा एपीआय हेच वापरेल, आणि एक्सेल आत घेणारी कमांडही हेच. यादी फारच मोठी असेल तर कमांडमध्ये युजरचं बल्क_क्रिएट आणि लगेच प्रोफाइलचं बल्क_क्रिएट, दोन्ही एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये. उद्या तुमच्या जागी नवा मुलगा आला तर खातं कसं उघडतं हे त्याला एका जागी वाचता येईल. सिग्नल कुठल्या फाइलमध्ये दडलाय ते शोधत बसावं लागणार नाही.

मग सिग्नल कशासाठी ठेवायचा? जिथे युजर तुमच्या कोडमधून तयार होत नाही त्या वाटांसाठी. गूगलवरून लॉगिन देणारं पॅकेज, क्रिएटसुपरयुजर कमांड, अ‍ॅडमिनचं पान. तिथे सिग्नलला पर्याय जवळपास नाही. पण रिसीव्हरमध्ये एवढंच करा: युजर नवा असेल आणि ‘रॉ’ खोटं असेल, तर प्रोफाइलचं गेट_ऑर_क्रिएट (असेल तर घ्या, नसेल तर तयार करा). ‘रॉ’ तपासायचं कारण असं, की लोडडेटा कमांडनं फिक्स्चर, म्हणजे आधी साठवून ठेवलेल्या डेटाची फाइल, आत घेताना जँगो ते खरं करून पाठवतं. फिक्स्चरमध्ये प्रोफाइलही असेल तर सिग्नलनं आधीच केलेलं आणि फिक्स्चरमधलं एकमेकांवर आदळतं. रिसीव्हरची फाइल अ‍ॅप-कॉन्फिगच्या रेडी मेथडमध्ये इम्पोर्ट करा, नाहीतर सिग्नल जोडलाच जात नाही आणि एररही दिसत नाही. ‘माझा सिग्नल चालतच नाही’ या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हेच निघतं.

एका गैरसमजाबद्दल इथेच लिहितो. सिग्नल आणि युजरचं सेव्ह एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये असतात असं पुष्कळांना वाटतं. आपण वेगळं काही सांगितलं नसेल तर तसं नसतं. जँगो ऑटोकमिटवर चालतं, म्हणजे प्रत्येक लिखाण लगेच पक्कं होतं, आणि प्रत्येक विनंती एका ट्रान्झॅक्शनमध्ये ठेवणारी अ‍ॅटॉमिक_रिक्वेस्ट्स ही सेटिंग मुळात बंद असते. युजरची ओळ पक्की होते, मग पोस्ट_सेव्ह वाजतो. रिसीव्हरमध्ये काही फुटलं तर युजर तसाच मागे राहतो, प्रोफाइलशिवाय. समोरच्या माणसाला पाचशे क्रमांकाचा, म्हणजे सर्व्हर बिघडल्याचा, एरर दिसतो. तो पुन्हा फॉर्म भरतो, तर ‘या नावाचं खातं आधीच आहे’. मग तो दुसऱ्या नंबरनं खातं उघडतो, किंवा ‘तुमची साईट बंद पडली हां’ म्हणून फोन करतो. अ‍ॅडमिनचं पान मात्र स्वतःच ट्रान्झॅक्शनमध्ये गुंडाळलेलं असतं, त्यामुळे तिथून तपासलंत तर हा घोटाळा दिसणारच नाही.

आता मराठी नावांचं. तुमच्या सिग्नलमध्ये नावावरून स्लग तयार होतो आणि तो युनिक आहे. जँगोचं स्लगिफाय, काही न सांगता वापरलं तर, फक्त इंग्रजी अक्षरं, अंक, हायफन आणि अंडरस्कोर ठेवतं, बाकी सगळं गाळतं. म्हणजे देवनागरीत लिहिलेल्या नावाचा स्लग होतो रिकामा. मराठीत नाव लिहिणारा पहिला माणूस रिकाम्या स्लगसह आत जातो, कारण तोवर दुसरा रिकामा स्लग नसतो. दुसऱ्यापासून युनिकची अट मोडते, रिसीव्हर फुटतो, आणि वर सांगितलेली मालिका सुरू होते. ‘काहींचंच अडतं’ असं तुम्हाला वाटलं ते त्या एका सुटलेल्या माणसामुळे.

यावर कोणीतरी सांगेल, स्लगिफायचं अलाउ_युनिकोड खरं करा, म्हणजे मराठी अक्षरंही राहतील. करून बघा. रत्नागिरीचं होतं ‘रतनगर’. कुडाळचं ‘कडळ’. वेंगुर्ल्याचं तर ‘वगरल’. कारण पायथनच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (मजकुराचा साचा तपासायच्या भाषेत) ‘शब्दातलं अक्षर’ म्हणजे सुटं अक्षर किंवा अंक. आपले काना, मात्रा, वेलांट्या, अनुस्वार आणि हलन्त त्यात बसत नाहीत, म्हणून ते गाळले जातात. हे नुसतं दिसायला वाईट असतं तर चाललं असतं. पण राम, रमा आणि रीमा या तिघांचाही स्लग ‘रम’ होतो, म्हणजे युनिकची अट पुन्हा मोडली. त्यात आपल्याकडे गावावरून पडलेली आडनावं, अख्ख्या वाडीत एकच आडनाव आणि घरोघरी तीच नावं. इंग्रजीत लिहून घेतलं तरी टक्कर चुकत नाही.

म्हणून खातं उघडताना स्लग बनवूच नका. तो कॉलम रिकामा, म्हणजे नल, ठेवायची मुभा द्या. घर प्रसिद्ध करायची वेळ येईल तेव्हा मालकाला पत्ता निवडू द्या आणि तोवर यादृच्छिक ओळख-क्रमांकावर भागवा. इथे नल आणि रिकामी स्ट्रिंग यांतला फरक लक्षात असू द्या: युनिक कॉलममध्ये नल कितीही चालतात, रिकामी स्ट्रिंग एकदाच चालते. मोबाइल नंबर, ईमेल असे जे जे फील्ड युनिक आहे पण सक्तीचं नाही, त्या सगळ्यांना हाच नियम.

दोन-दोन खाती. एक कारण वर आलंच, अडल्यामुळे पुन्हा भरलेला फॉर्म. दुसरं मोबाइल नंबरात असण्याची दाट शक्यता आहे. मराठी कीबोर्ड लावलेल्या फोनवर नंबर देवनागरी अंकांत टाइप होऊ शकतो. सर्व्हरवर तुम्ही ‘दहा अंक’ असं तपासत असाल, तर पायथनच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधली ‘अंक’ ही खूण, म्हणजे बॅकस्लॅश-डी, देवनागरी अंकही खुशाल मान्य करते, इझडिजिटही करतं. डेटाबेसच्या लेखी मात्र सहसा देवनागरीतला नंबर आणि इंग्रजी अंकांतला तोच नंबर या दोन वेगळ्या स्ट्रिंग. युनिकची अट असूनही दोन खाती सुखेनैव नांदतात. गंमत म्हणजे ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टचा बॅकस्लॅश-डी फक्त इंग्रजी अंक ओळखतो. त्यामुळे फॉर्मवर तपासणी असेल तर साइटवर हे दिसत नाही, एपीआयमधून आणि एक्सेलमधून मात्र आत शिरतं. उपाय सोपा आहे: नंबर हातात आला की पहिलं काम म्हणजे प्रत्येक अंक इंग्रजी रूपात आणायचा, मोकळ्या जागा आणि आडव्या रेघा काढायच्या, पुढचा शून्य किंवा अधिक एक्याण्णव काढून दहा अंक ठेवायचे. मग तपासणी, मग साठवण. आणि हे नोंदणी_करामध्येच, फॉर्ममध्ये नव्हे.

तिसरं कारण पावसाळ्यातलं. लाईट गेली, रेंज एका काडीवर, माणूस ‘नोंदणी करा’ दोनदा दाबतो आणि दोन्ही विनंत्या एकदमच पोचतात. ‘आधी बघ, नसेल तर कर’ असं कोडमध्ये लिहून हे थांबत नाही, कारण दोघीही एकाच क्षणी बघतात आणि दोघींनाही काही सापडत नाही. थांबवते ती डेटाबेसची युनिकची अट. गेट_ऑर_क्रिएट अशा वेळी अट मोडल्याचा एरर पकडून आधीची ओळ परत देतं, पण अट असेल तरच. अट नसेल तर तेही दोन ओळी करून मोकळं होतं.

प्रोफाइलमध्ये काय असावं? आपोआप तयार होणाऱ्या ओळीत एकही सक्तीचं फील्ड नसावं. ओळ तयार करताना माहिती नसतेच, मग सक्ती कोणावर? भाषा, सूचना हव्यात की नकोत, एवढं डिफॉल्टसह पुरे. नोंदणी पूर्ण झाली का, हे कुठली फील्ड भरलीत त्यावरून काढा. आधार क्रमांक, घराचे कागद, बँकेचा तपशील यांचे कॉलम ‘असू देत, पुढे लागतील’ म्हणून प्रोफाइलमध्ये घालून ठेवू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार ज्या कारणासाठी संमती घेतली त्याला लागेल तेवढीच माहिती घ्यायची आहे.

आणि घर हे प्रोफाइल नव्हे. तुमच्या मॉडेलमध्ये खोल्यांची संख्या, जेवणाची सोय, समुद्रापासूनचं अंतर हे सगळं प्रोफाइलमध्येच आहे, आणि साइटवर नुसतं बुकिंग करायला आलेल्या पुण्याच्या पाहुण्यालाही तुम्ही तेच प्रोफाइल देताय. आपल्याकडचं चित्र बघा. घर देवबागला, चालवतात आई-बाबा, खातं उघडलंय मुंबईतल्या चाकरमानी मुलानं स्वतःच्या नंबरवर, आणि गणपतीत बुकिंगचे फोन घेते गावातली वहिनी. सातबाऱ्यावर तर चुलत्यांसकट सगळ्यांची नावं. एका युजरला एक घर हा साचा इथे टिकत नाही. प्रोफाइल माणसाचं, ते आपोआप. घर वेगळ्या टेबलात, ते ‘मला घर द्यायचंय’ म्हटल्यावरच. दोन्हींच्या मध्ये सभासदांचं टेबल: कोण मालक, कोण नुसतं बुकिंग बघणारा.

इतकं हलकं केल्यावर प्रोफाइल वेगळं हवंच का, हाही प्रश्न रास्त आहे. नवा प्रोजेक्ट असता तर मी पहिल्याच दिवशी जँगोच्या तयार अ‍ॅबस्ट्रॅक्टयुजरवरून स्वतःचं युजर मॉडेल केलं असतं आणि ही दोन-चार फील्ड त्यातच टाकली असती. जोडीला दुसरी ओळच नसेल तर ती हरवायचा प्रश्नच नाही. चालू प्रोजेक्टमध्ये युजर मॉडेल बदलणं मात्र जिकिरीचं आहे, सगळ्या फॉरेन की, म्हणजे दुसऱ्या टेबलांतून युजरकडे येणारे दुवे, त्यावर टेकलेल्या असतात. तुम्ही त्या फंदात पडू नका.

स्वागताचा एसएमएस, ईमेल, गूगलवरचा फोटो उतरवून घेणं ही कामं सिग्नलमध्ये नकोत आणि ट्रान्झॅक्शनच्या आतही नकोत. एसएमएसचा गेटवे अडकला म्हणून खातं उघडू नये, हे कुठलं शहाणपण? जँगो १.९ पासून ऑन_कमिट आहे. युजर आणि प्रोफाइल दोन्ही पक्के झाले की मगच ते चालतं. त्यात काम रांगेत टाका. रांगेचा वर्कर आपल्या वेळेनं उचलेल, आणि त्याला युजर नक्की सापडेल.

अ‍ॅडमिनमध्ये युजरच्या पानावर प्रोफाइल इनलाइन, म्हणजे त्याच पानात भरता येईल असं, लावलं असेल तर नवा युजर घालताना ते लपवा. इनलाइन रिकामं सोडलं तर निभावतं, पण भरलंत की सिग्नलनं एक प्रोफाइल केलेलं असतं आणि इनलाइन दुसरं करू बघतं. गेट_इनलाइन्समध्ये, युजर अजून तयार झालेला नसेल तर रिकामी यादी परत करा, काम झालं.

डेटाबेसच्या ट्रिगरबद्दल (ओळ आली की डेटाबेस स्वतःच चालवतो तो कोड) कोणी सुचवलं असेल तर: हमी पक्की मिळते, बल्क_क्रिएटही त्यातून सुटत नाही. सुपाबेससारख्या, तयार डेटाबेस आणि लॉगिन देणाऱ्या ठिकाणी, जिथे खात्यांचं टेबल तुमच्या कोडच्या हातात नसतं, तिथे तीच रूढ वाट आहे. पण ट्रिगर फुटला तर नोंदणीच बंद होते, आणि त्यातला कोड मायग्रेशनखेरीज (डेटाबेसमधले बदल लिहिलेल्या फाइलींखेरीज) कुठे दिसत नाही. तुम्हाला गरज नाही. गूगलच्या फायरबेसमध्ये खातं झाल्यावर फंक्शन चालतं, ते मागाहून, आणि एकाच घटनेसाठी दोनदाही चालू शकतं. तिथेही ‘असेल तर राहू दे, नसेल तर कर’ असंच लिहावं लागतं.

आता आधीच्या खात्यांचं. क्रम महत्त्वाचा आहे. पहिल्यांदा दुसरा रिसीव्हर काढा आणि स्लग नल करा, म्हणजे नवी पडझड थांबेल. मग डेटा मायग्रेशन: ज्यांचं प्रोफाइल नल आहे असे युजर काढा, तुकड्या-तुकड्यांनी त्यांची प्रोफाइलं बल्क_क्रिएट करा, इग्नोर_कॉन्फ्लिक्ट्स खरं ठेवून, म्हणजे आदळणारी ओळ नुसती सोडून दिली जाईल. मायग्रेशनमध्ये मॉडेल अ‍ॅप्स डॉट गेट_मॉडेलमधूनच घ्या. त्या ऐतिहासिक, म्हणजे त्या टप्प्यावर होत्या तशा, मॉडेलवर तुमचे सिग्नल वाजत नाहीत, म्हणून प्रोफाइल स्पष्टपणे तयार करावंच लागतं. त्यानंतर रोज रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या सोयीतून) एक मोजणी: प्रोफाइल नसलेले युजर किती? उत्तर शून्य यायला हवं. ज्या दिवशी येणार नाही, त्या दिवशी कुठलीतरी नवी वाट उघडलेली आहे, ती शोधा. नुसतं भरून टाकू नका. टेस्ट दोनच लिहा, पण त्या लिहा: एक देवनागरी नावाच्या दोन युजरांची, एक एक्सेल कमांडची.

दुहेरी खाती मात्र स्क्रिप्टनं एकत्र करू नका. अंक इंग्रजीत आणल्यावर जे नंबर जुळतील त्यांची यादी काढा. त्यात एकाच माणसाची दोन खाती असतील, आणि एकाच फोनवर नोंदवलेले बाप-लेकही असतील. ज्या खात्यावर बुकिंग आहे ते ठेवायचं हे ठरलं, तरी दुसऱ्याला फोन करून विचारा. होकार आला की त्याची बुकिंग आणि सभासदत्व पहिल्याकडे वळवा, आणि ते खातं डिलीट न करता निष्क्रिय करा. डिलीट केलंत तर कॅस्केडमुळे प्रोफाइलबरोबर जे जे त्याला टांगलेलं असेल ते सगळं जाईल, आणि मागच्या मे महिन्याच्या बुकिंगचा हिशेब कोणी मागितला तर दाखवायला काही उरणार नाही.